ब्रिटनमधली ‘कम्युनिटी रेल पार्टनरशिप’ म्हणजे नेमकं काय? गावकरी स्वतः रेल्वे चालवतात का?

नाही, गाडी रेल्वे कंपनीच चालवते. रूळ, सिग्नल, वेळापत्रक यांची जबाबदारीही रेल्वेकडेच राहते. भागीदारीचं काम असतं ती गाडी रिकामी धावू न देणं. स्थानिक परिषद, रेल्वे कंपनी आणि गावातले स्वयंसेवक एकत्र येतात, आणि पैसा बहुतांशी पहिल्या दोघांकडून येतो.

डेव्हन आणि कॉर्नवॉलची भागीदारी 1991 पासून आहे. तिच्यातला लिस्कर्ड ते लू हा जेमतेम 14 किलोमीटरचा फाटा माझा विशेष लाडका. तोट्यातले मार्ग बंद करा असं सांगणाऱ्या 1963च्या बीचिंग अहवालात तो बंद करायच्या यादीत होता; 1966 मध्ये, अगदी शेवटच्या घटकेला, वाहतूक मंत्री बार्बरा कॅसल यांनी तो वाचवला. कूम्ब जंक्शनला गाडी थांबते, गार्ड खाली उतरून हाताने सांधा बदलतो, ड्रायव्हर दुसऱ्या टोकाला जातो आणि गाडी उलटी निघते. पुढच्या लहान स्टेशनांवर हात दाखवला तरच थांबते!

अशा फाट्यांवर स्वयंसेवक स्टेशन दत्तक घेतात, कुंड्या लावतात, शाळेच्या सहली आणतात, स्टेशनपासून सुरू होणाऱ्या पायवाटांचे नकाशे छापतात. मला यात सर्वांत मोलाचा वाटतो तो भागीदारीने नेमलेला पगारी अधिकारी. रेल्वेचं वेळापत्रक आणि गावची बस जुळवून घ्यायला कुणीतरी सतत मागे लागावं लागतं, नुसत्या उत्साहावर ते होत नाही.

आपल्याकडे यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूरच्या ‘शकुंतला’ या बंद पडलेल्या छोट्या गाडीवर लोकांचा जीव आहेच. पण बंद पडलेली गाडी परत आणणं फार अवघड, म्हणून ही भागीदारी गाडी धावत असतानाच उभी करायला हवी.