नौदलाच्या टँकरवर पोस्टिंग मिळणं म्हणजे दुय्यम काम मिळणं का?

प्रश्न असा आहे: पुतण्या नौदलात भरती झाला, प्रशिक्षण संपलं आणि युद्धनौकेऐवजी त्याला टँकरवर पाठवलं. तो खट्टू झालाय. अशी सहाय्यक जहाजं नौदलाला लागतात कशाला, आणि तिथे राहून तो मागे पडेल का?

त्याचं खट्टू होणं मला कळतं. भरतीच्या जाहिरातीत क्षेपणास्त्र सुटताना दाखवतात, डिझेलचा पाइप कोणी दाखवत नाही. मी नौदलात नौसैनिक होतो आणि नोकरीचा मोठा भाग टँकरवर गेला, तेव्हा थोडा पक्षपात धरूनच पुढचं वाचा.

आधी इंधनाचं गणित बघू. आपली शिवालिक वर्गातली फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, १८ नॉटच्या (तासाला १८ सागरी मैलांच्या) आसपास चालली तर भरलेल्या टाक्यांवर साधारण पाच हजार सागरी मैल जाते. आकडा भरपूर वाटतो. पण लढाऊ जहाज असं निवांत कधी चालतं? वेग दुप्पट करायचा तर लागणारी ताकद जवळजवळ आठपट होते. पाणबुडीचा माग काढताना, विमानवाहू नौकेला साथ देताना जहाज सारखं पळतं आणि टाक्या भराभर उतरतात. टाकी निम्म्यावर आली की कप्तानाच्या डोक्यात एकच विषय: परत फिरायचं की टँकर बोलवायचा? परत फिरलं की जाण्यायेण्यात आठवडा गेला, आणि ज्या जागी उभं राहायचं होतं ती जागा रिकामी. आपल्या ‘विक्रान्त’ आणि ‘विक्रमादित्य’ या दोन्ही विमानवाहू नौका अणुशक्तीवर चालत नाहीत, त्यांनाही तेल लागतं. शिवाय त्यांच्या विमानांचं इंधन वेगळं. ‘विक्रमादित्य’ २०१३च्या अखेरीस रशियाहून कारवारला यायला निघाली तेव्हा सोबत ‘त्रिकंड’ ही फ्रिगेट होती आणि ‘दीपक’ हा टँकर.

दर ४ डिसेंबरला आपण नौदल दिन साजरा करतो तो १९७१च्या कराचीवरच्या हल्ल्यासाठी. ‘निपात’, ‘निर्घात’, ‘वीर’ ही नावं शाळेतल्या पोरांनाही माहीत असतात. त्या क्षेपणास्त्र बोटी मुळात किनाऱ्याच्या राखणीसाठी बनलेल्या, पल्ला तोकडा. म्हणून त्या ताफ्यात ‘पोषक’ नावाचा टँकरही होता. त्याचं नाव भाषणांत येत नाही.

आज आपल्याकडे ताफ्याबरोबर फिरणारे मोठे टँकर चार. ‘ज्योती’ रशियात बांधलेला, १९९६चा. ‘आदित्य’ कोलकात्याच्या गार्डन रीचचा, २०००चा. ‘दीपक’ आणि ‘शक्ती’ इटलीत बांधले, दोन्ही २०११ साली दाखल झाले. ‘दीपक’ची लांबी १७५ मीटर, भरल्यावर वजन साडेसत्तावीस हजार टन, आणि त्यातलं पंधरा हजार टनांहून जास्त नुसतं इंधन. त्याशिवाय पाणी, धान्य, सुटे भाग, दारूगोळा. वर हेलिकॉप्टरची जागा आणि जवळ आलेलं क्षेपणास्त्र पाडायला एके-६३० तोफा. म्हणजे पुतण्या अगदीच निःशस्त्र जहाजावर गेलेला नाही!

आता मुख्य काम. समुद्रात, चालत्या जहाजावरून चालत्या जहाजात तेल देणं. ‘रिप्लेनिशमेंट ॲट सी’च्या आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘रास’ म्हणतात. टँकर ठरलेल्या दिशेने, ठरलेल्या वेगाने, बारा ते पंधरा नॉटने नाकासमोर चालत राहतो. दुसरं जहाज मागून येऊन बाजूला लागतं. मधे चाळीस-पन्नास मीटर पाणी. शिट्टी वाजते, डेकवरचे सगळे आडोशाला जातात आणि रायफलीतून एक बारीक दोरी पलीकडे सोडली जाते. त्या दोरीला जाड दोरी, जाड दोरीला पोलादी तार. तार ताणून बसली की तिच्यावरून लोंबत होज, म्हणजे तेलाचा जाड पाइप, पलीकडे सरकतो आणि त्याचं तोंड समोरच्या जहाजाच्या नरसाळ्यात जाऊन बसतं. बसल्याचा आवाज इंजिनाच्या घरघरीतही ऐकू येतो. मग पंप सुरू. ‘दीपक’चा वेग तासाला पंधराशे टनांपर्यंत जातो. तेल चालू असेपर्यंत लाल बावटा वर.

ऐकायला सरळ आहे. गोम आहे ती मधल्या पाण्यात. दोन जहाजांच्या मधून पाणी जोरात वाहतं, तिथला दाब कमी होतो आणि दोन्ही जहाजं एकमेकांकडे ओढली जातात. नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी उलटं, तिथलं पाणी दूर ढकलतं. त्यामुळे बाजूला येताना जहाज आधी बाहेर रेटलं जातं आणि नंतर आत खेचलं जातं. सुकाणूवरच्या माणसाला एकेका अंशाने हुकूम मिळतात, इंजिनाचे फेरे दोन-चारने कमी-जास्त होतात, असं तास-तास चालतं. दोन्ही जहाजांच्या मधे आणखी एक दोरी ताणलेली असते, तिला ठरावीक अंतरावर रंगीत झेंडे. ब्रिजवरचा, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथला अधिकारी तिच्याकडे बघून सांगतो, जवळ आलो की लांब गेलो. ती दोरी धरणाऱ्या माणसाला दुसरं काहीही करायचं नसतं, फक्त ती ताठ ठेवायची आणि ढिली पडू द्यायची नाही. नवीन पोरांना पहिल्यांदा तिथेच उभं करतात. पावसाळ्यात अरबी समुद्रात तासभर ती दोरी धरल्यावर दंड कोणाचे आहेत ते कळत नाही.

काही बिघडलं, सुकाणू अडकलं किंवा इंजिन बंद पडलं, तर होज झटकन सोडून वेगळं व्हायचं. त्याचा सराव इतक्या वेळा होतो की झोपेतही हात चालावेत. कुऱ्हाड आणि तार कापायची कात्री हाताशीच टांगलेली असते. आणि हे सगळं रात्री, दिवे मंद करूनही करावं लागतं. युद्धनौकेवरचे लोक टँकरवाल्यांना चिडवतात, पण रासच्या वेळी ब्रिजवर कोणाच्या तोंडून चकार शब्द निघत नाही.

टँकर नुसतं तेलच देतो असंही नाही. डिसेंबर २०१४मध्ये मालदीवच्या मालेत पाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली आणि शहराचं पिण्याचं पाणी तुटलं. आधी ‘सुकन्या’ पोहोचली, ती गस्ती नौका, तिच्याकडे पाणी असून असून किती असणार. मग ‘दीपक’ शेकडो टन पाणी घेऊन गेला. अशा वेळी तोफा कामाच्या नसतात.

टँकर सोडून बाकीची जहाजं बरीच आहेत, सगळी सांगत बसत नाही. सर्वेक्षण नौका पांढऱ्या रंगाच्या असतात, समुद्राचा तळ मोजतात आणि ती माहिती देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयात जाऊन त्याचे नकाशे बनतात. ते नकाशे व्यापारी जहाजंही वापरतात. नवी ‘संधायक’ फेब्रुवारी २०२४मध्ये दाखल झाली, तिच्यामागून तिच्या बहिणीही येतायत. याच नौकांना गरज पडली तर इस्पितळ करता येतं. २००४च्या त्सुनामीनंतर ‘निरुपक’ तशीच इंडोनेशियाला गेली होती. ‘सागरध्वनी’ पाण्यातून आवाज कसा जातो ते तपासते, पाणबुडी ऐकू येणार की नाही ते त्यावर ठरतं. ‘ध्रुव’ लांबच्या क्षेपणास्त्रांवर नजर ठेवते. ‘तीर’, ‘तरंगिणी’, ‘सुदर्शिनी’ प्रशिक्षणासाठी, त्यातल्या शेवटच्या दोन चक्क शिडाच्या.

पाणबुडी बचावाबद्दल मात्र थांबून सांगतो. पहिली ‘निस्तार’ १९७१ साली आली, तिच्यावरच्याच डायव्हरांनी विशाखापट्टणमसमोर बुडालेल्या ‘गाझी’ या पाकिस्तानी पाणबुडीचे अवशेष तपासले. ती १९८९ला निवृत्त झाली. त्यानंतर खास बचावासाठी बांधलेलं जहाज यायला १८ जुलै २०२५ उजाडला. नवी ‘निस्तार’ हिंदुस्थान शिपयार्डने बांधली, दहा हजार टनांची. मधल्या काळात आपण खोल पाण्यातून माणसं काढणारी छोटी बचाव पाणबुडी घेतली, ६५० मीटरपर्यंत जाणारी, एका खेपेत चौदा माणसं आणणारी. पण तिला वाहून न्यायला नौदलाचं स्वतःचं योग्य जहाज नव्हतं. एप्रिल २०२१मध्ये इंडोनेशियाची ‘नांगाला’ ही पाणबुडी बालीच्या उत्तरेला ५३ माणसांसह बुडाली तेव्हा आपली बचाव पाणबुडी विशाखापट्टणमहून शिपिंग कॉर्पोरेशनच्या जहाजावरून निघाली. ती वाटेत असतानाच ‘नांगाला’ आठशे मीटरहून खोल, तीन तुकड्यांत सापडली. कोणी वाचलं नाही. तिथे आपलं जहाज चार दिवस आधी पोहोचलं असतं तरी फरक पडला नसता. पण दुसऱ्या पाणबुडीच्या बाबतीत, उथळ पाण्यात, पडू शकतो.

आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे टॉर्पेडो गोळा करणारी जहाजं. सरावाचा टॉर्पेडो स्फोटकाविना सोडतात, पळून झालं की तो वर येऊन तरंगतो, आणि कोणीतरी जाऊन तो उचलून आणायचा असतो. वस्तू कोटींची, वर तिच्यात सरावाची सगळी नोंद. नोव्हेंबर २०१४मध्ये असंच एक जहाज विशाखापट्टणमजवळ सरावातून परतताना बुडालं. एकाचा मृत्यू झाला, चार जण बेपत्ता झाले. सहाय्यक जहाज म्हणजे सुरक्षित नोकरी असं कोणी म्हणालं की मला ते आठवतं.

बंदरातल्या टग, पाण्याचे आणि तेलाचे बार्ज यांच्यावर बहुतेक नौदलाचे नागरी कर्मचारी असतात: सारंग, तांडेल, खलाशी. मुंबईत दारूगोळ्याचं आगार पलीकडे करंजाला, त्यामुळे शहराला लागून उभ्या जहाजांना माल बार्जनेच पोहोचतो. ब्रिटनमध्ये मोठे टँकरही नागरी खलाशीच चालवतात. आपल्याकडे मोठा टँकर रीतसर नौदलाचा, नौसैनिकांचा, म्हणून तर पुतण्या तिथे गेला.

माझी तक्रार वेगळीच आहे. चार टँकर दोन किनाऱ्यांत वाटले की ताफ्याला दोन-दोन येतात. त्यातला एखादा डागडुजीला गोदीत गेला की उरला एक. २०११ नंतर तसा एकही नवा आला नाही. पाच नव्या जहाजांचा करार हिंदुस्थान शिपयार्डबरोबर झाला तो ऑगस्ट २०२३मध्ये, सुमारे १९ हजार कोटींचा. प्रत्येक जहाज ४४ हजार टनांचं असेल. उत्तमच, पण हे दहा वर्षं आधी व्हायला हवं होतं. नव्या विनाशिकांची छायाचित्रं छापून येतात तेव्हा मी आधी मनात मोजतो की यांना भर समुद्रात तेल कोण देणार.

आता पुतण्याबद्दल. मागे पडण्याचा प्रश्नच नाही. टँकर ताफ्याबरोबर लांबच्या मोहिमांवर जातो, म्हणजे समुद्रातले दिवस भरपूर. दोरी, तार, विंच यांचं जे काम तिथे हातात बसतं ते क्षेपणास्त्र नौकेवर वर्षानुवर्षं बसत नाही. मोठं, भरलेलं जहाज कमी हलतं, ही पोटाच्या दृष्टीने चांगली बातमी. पुढची पोस्टिंग फ्रिगेटवर झाली की रासच्या वेळी त्यालाच पुढे बोलावतील, कारण पलीकडच्या जहाजावर काय चाललंय ते त्याला न सांगता कळेल.

तेवढं एक त्याला सांगा. पहिल्या रासच्या आधी अंगठी आणि घड्याळ काढून ठेवायचं. हातमोजे आपल्या मापाचे घ्यायचे, मोठे मिळाले तर बदलून मागायचे, ओल्या दोरीवर मोठा मोजा निसटतो. आणि डेकवर पडलेल्या दोरीच्या वेटोळ्यात पाय कधीच ठेवायचा नाही, भले ती कितीही ढिली दिसो.