हेडलाईटला काच जाऊन प्लास्टिक का आलं, आणि पिवळ्या पडलेल्या लाईटचं काय करायचं?

तुमची 2014 ची स्विफ्ट, लाईट पिवळट झालेत, घाटात रात्री रस्ता दिसत नाही, आणि वडिलांच्या पद्मिनीची काच मात्र शेवटपर्यंत चकाचक होती, मग कंपन्यांनी पैसे वाचवायला काच काढली का आणि आता काचेचे बसवून मिळतील का, असं विचारलंय तुम्ही. माझं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, हा प्रश्न घेऊन कोणी ना कोणी येतंच.

काचेचे मिळणार नाहीत, ते डोक्यातून काढून टाका. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, जुनी जीप यांना गोल 7 इंची लाईट होता, त्यामुळे कुठलाही आणा बसायचा. आता प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा, लाईट बॉनेटवरून वळून पार मडगार्डवर चढलेला, तसली काच बनवायला महाग आणि वजनाला जड. काचेच्या एका घन सेंटिमीटरचं वजन अडीच ग्रॅमच्या आसपास, पॉलीकार्बोनेटचं, म्हणजे लाईटला वापरतात त्या प्लास्टिकचं, 1.2, म्हणजे निम्म्याहून कमी. शिवाय हायवेला पुढच्या डंपरचा खडा उडाला की काच तडकलीच समजा, मग त्या फटीतून पाणी आत जाऊन रिफ्लेक्टरचा, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत वाटीचा, मुलामा खलास. पॉलीकार्बोनेट सहसा असं फुटत नाही, 20 लिटरचे चांगले पाण्याचे जार त्याचेच असतात. पैसे वाचले नाहीत असं नाही, पण नुसता तोच हिशेब नव्हता.

अजून एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. जुन्या काचेवर उभ्या रेघा, चौकोन असायचे ना, ते शोभेचे नव्हते, उजेड रस्त्यावर कसा पसरायचा ते त्या रेघा ठरवायच्या. आता ते काम मागचा रिफ्लेक्टर नाहीतर प्रोजेक्टर (बल्बसमोर भिंग असलेली रचना) करतो, पुढचं नुसतं पारदर्शक झाकण उरलंय. अमेरिकेत 1940 पासून सीलबंद काचेचे लाईट सक्तीचे होते, 1983 मध्ये नियम सैल झाला आणि 1984 च्या लिंकन मार्क सेव्हनला पहिल्यांदा प्लास्टिकचे आले. (गंमत म्हणजे हॅलोजन प्रोजेक्टरच्या आतलं ते भिंग मात्र बहुतेक काचेचंच असतं, बल्बच्या जवळ एवढी उष्णता असते.)

प्लास्टिकची खोड एकच, ऊन. अल्ट्राव्हायोलेट किरणांनी पॉलीकार्बोनेट पिवळं पडतं, म्हणून कंपनी त्यावर कडक कोटिंग देते, आणि ते कोटिंग उन्हाने, धुळीने, कोरड्या फडक्याने घासून घासून गेलं की खेळ संपला. काचेला ना ऊन बाधत ना धूळ, पद्मिनी चकाचक राहिली ती म्हणूनच.

आता तुमच्या गाडीला आधी एवढंच करा, लाईटवर पाणी ओता. ओला असताना आरपार स्वच्छ दिसला आणि वाळला की परत धुरकट, तर खराबी बाहेरून आहे, पॉलिशने निघेल. ओला करूनही पिवळाच दिसला तर बहुतेक आतून गेलाय किंवा रिफ्लेक्टरच करपलाय, मग घासण्यात पैसे घालवू नका, असेंब्ली म्हणजे पूर्ण लाईटच बदला, आणि लोकल कॉपी घेताना दहादा विचार करा कारण तिचं कोटिंग बऱ्याचदा नावालाच असतं.

पॉलिश म्हणजे कडेने मास्किंग टेप, मग पाणी मारत 1000, 1500, 2000 नंबरचा वॉटर पेपर, शेवटी कंपाऊंड. पण इथेच सगळे थांबतात! घासताना उरलंसुरलं कोटिंगही जातं, म्हणून पंधरा मिनिटांत नव्यासारखे झालेले लाईट काही महिन्यांत परत पिवळे. वरून यूव्हीवाला, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट अडवणारा, क्लिअर कोट मारा नाहीतर पीपीएफ (गाडीवर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म) लावून घ्या, गॅरेजवाला हे करणार नसेल तर त्याच्याकडे करूच नका. टूथपेस्टचे व्हिडिओ बघितले असतीलच, तेही नुसतं घासणंच आहे, वर कोटिंग नाहीच. आणि पेट्रोल किंवा थिनरने पुसू नका, पॉलीकार्बोनेटला बारीक बारीक तडे जातात.

उजेड कमी पडतोय म्हणून कोणी 100/90 वॉटचा बल्ब टाकून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा, 60/55 वॉटसाठी बनवलेला लाईट आतून भाजून निघतो, आणि आतून भाजलेल्याला पॉलिश नाही.