मुस्लिम देशात मिशनरी म्हणून ख्रिस्ती श्रद्धा जगायची कशी?

मला विचाराल तर कराचीच्या डॉ. रूथ फाऊ यांच्याकडे बघा. जर्मन डॉक्टर आणि कॅथलिक सिस्टर. १९६० मध्ये निघाल्या होत्या भारतात यायला, पण व्हिसाच्या अडचणीमुळे कराचीत अडकल्या. तिथल्या कुष्ठरोग्यांच्या वस्तीतल्या दवाखान्यात त्यांनी एक तरुण पाहिला. साधारण त्यांच्याच वयाचा. हातापायांवर रांगत आत आला, जणू रांगणं हेच रोजचं चालणं. त्या तिथेच थांबल्या, २०१७ मध्ये वारल्या तोपर्यंत.

भारतात वेल्लोरला येऊन कुष्ठरोगाचं शिक्षण घेतलं, मग कराचीत मेरी अ‍ॅडलेड कुष्ठरोग केंद्र उभं केलं. स्थानिक माणसं शिकवून तयार केली आणि गावोगावी उपचार नेले. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण नुसता दवाखाना उघडून बसलं तर लपवलेला रोगी येतच नाही. १९९६ मध्ये पाकिस्तानात कुष्ठरोग आटोक्यात आल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं.

आपली श्रद्धा त्यांनी कधी लपवली नाही. सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलमध्ये त्यांना शासकीय इतमामात निरोप दिला, तेव्हा शवपेटीवर पाकिस्तानचा झेंडा होता.