पेशंट आत, आपण बाहेर: तुमचे प्रश्न

घरचं माणूस अचानक ॲडमिट झालं की बाकीच्यांचं काय होतं, त्यावर लई प्रश्न आलेत. मी सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक आहे, म्हणजे वॉर्डाबाहेर बसलेल्या लोकांशी बोलणं हेच काम, त्यामुळं कोणती गोळी चांगली ते मला विचारू नका, बाकीचं सांगते.

वडिलांना लकवा मारला, परभणीहून संभाजीनगरला आणलं, आयसीयूत आहेत. डॉक्टर दोन मिनिटं बोलतात, भाऊ एक ऐकतो, काका दुसरंच सांगतात, गावाकडचे फोन थांबंनात. काय करावं?

डॉक्टर दोनच मिनिटं बोलणार हे धरून चाला. तेवढ्यात पाच जणांनी पाच प्रश्न विचारले की कुणालाच काही कळत नाही अन् मग लिफ्टपाशी भांडणं सुरू. बोलायला एकच माणूस ठरवा. वयानं मोठाच पाहिजे असं काही नाही, ज्याचं डोकं ठिकाणावर आहे अन् जो लिहून घेईल तो. बऱ्याच घरात ती सून नाहीतर लेक असते पण तिला कुणी पुढं होऊ देत नाही, हे मी रोज बघते. एक वही घ्या, राऊंडच्या आधी तीनच प्रश्न लिहून ठेवा: कालच्यापेक्षा आज काय बदललं, आज काय करणार, आम्ही कशाची तयारी ठेवायची. उत्तर आलं की "म्हणजे डॉक्टर, असं का?" म्हणून आपल्या भाषेत परत बोलून दाखवा, आपलं ऐकण्यात चुकलं असेल तर ते तिथंच सांगतात. संध्याकाळी त्याच माणसानं व्हॉट्सॲपवर एक व्हॉइस मेसेज टाकायचा, बाकीच्यांनी फोन करायचे नाहीत. अन् जीप भरून भेटायला यायलेत त्यांना गोडीत सांगा की मामा, तुम्ही तिकडं म्हशीची धार बघा, सोयाबीन झाकून ठेवा, आम्हाला तीच मोठी मदत.

आजीचं खुब्याचं ऑपरेशन झालं (आम्ही लातूरचे). दिवसा बरी राहते, रात्री सलाईन उपटते, वारलेल्या आजोबांशी बोलते, सिस्टरला चोर म्हणते. आत्या म्हणते बाहेरचं आहे, अंगारा आणू. आजीला वेड लागलंय का?

वेड नाही अन् बाहेरचंही नाही. याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात, म्हाताऱ्या माणसांत मोठ्या ऑपरेशननंतर बऱ्याचदा होतं. इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, लघवी किंवा संडास तुंबणं, दुखणं, नवीन औषध, झोपमोड, यातलं काहीही कारण असू शकतं, म्हणून "वय झालंय, चालायचंच" म्हणून सोडू नका, आजच्या आज डॉक्टरांना सांगा. अचानक सुरू होतं, कमीजास्त होतं अन् रात्री वाढतं. बहुतेकांचं कारण सापडून उपचार झाले की उतरतं, काहींना मात्र आठवडे लागतात.

तुमच्या हातात बरंच आहे. आजीचा चष्मा, कवळी, कानाचं मशीन पिशवीत पडलंय का बघा, आधी ते लावा. दिवसा पडदा उघडा, रात्री दिवे मंद ठेवा. अधूनमधून सांगत राहा की आज कोणता वार, आपण कुठं आलोत, मी कोण. आजोबा दिसायलेत म्हणाली तर वाद घालू नका अन् होला होही करू नका, हात धरा, विषय बदला. रात्री ओळखीचा एकच चेहरा जवळ ठेवा. अन् पेशंट एकदम गप पडून राहिला, तोंडाकडं बघंना, तर तोही डिलिरियम असू शकतो, त्याकडं घरच्यांचं लक्षच जात नाही. अंगारा उशाखाली ठेवू द्या, आत्याशी कशाला भांडता, फक्त तोंडात घालू देऊ नका.

दाजींचा बीडजवळ गाडीवरून अपघात झाला. प्रायव्हेट दवाखाना एक लाख डिपॉझिट मागायलाय. बैलजोडी विकावी का?

थांबा. आधी विचारा की हा दवाखाना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का. असेल तर तिथं आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल असतं, रेशनकार्ड अन् आधार घेऊन गाठा. जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासकट सगळ्या रेशनकार्डांना वर्षाला कुटुंबामागं ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण ठरवून दिलेल्याच उपचारांना, म्हणून दाजींचं ऑपरेशन यादीत बसतं का ते विचारा. कागद गावाकडं राहिले तरी आरोग्यमित्राला गाठाच, इमर्जन्सीत फोनवरूनही मंजुरी घेता येते. योजना कॅशलेस आहे, आधी पैसे भरून नंतर बिलं नाचवली तर कुणी परत देत नाही. हेल्पलाइन १५५३८८. शिवाय रस्ते अपघातासाठी २०२५ पासून केंद्राची वेगळी योजना आहे, नेमलेल्या दवाखान्यांत अपघातापासून ७ दिवस, दीड लाखापर्यंत, त्याला पोलिसांत नोंद लागते. दवाखाना ट्रस्टचा असेल तर गरिबांसाठी १० टक्के खाटा मोफत अन् १० टक्के सवलतीत ठेवायच्या असतात, उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. "आधी पोलिस, मग इलाज" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, जीव वाचवणं आधी हे सुप्रीम कोर्टानं १९८९ लाच सांगितलंय. हे सगळं करूनही पैसा कमी पडला तर मग बैलांचं बघू, पण सावकाराकडं जाऊ नका.

नवरा ॲडमिट आहे, मी आठवडाभर घरी गेले नाही. चार तास झोपून आले तर सासरचे काय म्हणतील?

काहीतरी म्हणतीलच, तुम्ही जा. दिराला बसवा, वही त्याच्या हातात द्या, सिस्टरला तुमचा नंबर देऊन ठेवा. अन् बीपी-शुगरची गोळी चालू असेल तर ती या गडबडीत चुकलीय का बघा, नवऱ्याच्या काळजीत बायकोच चक्कर येऊन पडली, असे केसपेपर आमच्याकडं कमी नाहीत.