फाईल आलीय, पण शून्य केबीची

प्रश्न : नमस्कार दादा, मी राहायला घणसोली, महापे एमआयडीसीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिलिंग बघते. एका पार्टीच्या एफटीपी (फाइली पाठवायच्या-उतरवायच्या) सर्व्हरवर रोज रात्री चलानांच्या सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइली, आणि पीओडीच्या (माल पोचल्याच्या पावत्यांच्या) स्कॅनच्या झिप पडतात. आधी मी एकेक करून उतरवायचे, आता भाच्याने पायथॉनची स्क्रिप्ट करून दिलीय. पण सीएसव्ही उघडली की अख्ख्या दिवसाची चलानं एकाच ओळीत, आणि झिपच्या वेळी लाल अक्षरांत एरर येऊन शून्य केबीची फाईल पडून राहते. दुसऱ्या दिवशी परत चालवली तर "आधीच आहे" म्हणून तिला सोडून पुढे जाते. घरून लावली तर लॉगिन होतं आणि मग नुसती बसून राहते. भाच्याची परीक्षा चालू आहे, त्याला विचारवत नाही. काय करू?

उत्तर : ताई, पेपर देऊ दे त्याला, चूक दोन ओळींची आहे. त्याने एफटीपीलिब या पायथॉनच्या लायब्ररीमधलं रेट्रलाइन्स हे फंक्शन वापरलंय असं दिसतं. ते एकेक ओळ वाचतं, ओळीच्या शेवटचा एंटर कापतं आणि उरलेला मजकूर हातात देतं, तो तसाच फाइलीत लिहिला की सगळी चलानं एकमेकांना चिकटतात. झिपमध्ये तर मजकूर नसतोच, त्यामुळे ती अक्षरं म्हणून वाचायला गेलं की पायथॉन हात वर करतं. तिथे रेट्रबायनरी घाला आणि फाईल उघडताना 'डब्ल्यू'च्या (मजकूर) जागी 'डब्ल्यूबी' (बायनरी, म्हणजे जसंच्या तसं) लिहा. सीएसव्हीलाही हेच चालतं, सर्व्हरवर जशी आहे तशीच उतरते.

आता ती शून्य केबीची भानगड, माझ्या मते खरा धोका हाच आहे, कारण एरर निदान दिसते तरी, ही फाईल गुपचूप बसते. होतं काय, स्क्रिप्ट आधी तुमच्या कॉम्प्युटरवर रिकामी फाईल उघडते आणि मग सर्व्हरकडे माल मागते, मध्येच काही बिघडलं तर रिकामं पोतं तिथेच, आणि उद्या स्क्रिप्ट फक्त नाव बघून समजते की माल आला. म्हणून उतरवताना नावाला शेवटी 'डॉट पार्ट' जोडा, पूर्ण उतरल्यावर सर्व्हरवरचा आकार आणि तुमच्याकडचा आकार जुळतो का बघा, जुळला तरच खरं नाव द्या. आकार विचारायच्या आधी 'टाइप आय' ही कमांड पाठवा, नाहीतर काही सर्व्हर ५५० एरर देऊन मोकळे होतात. आणि आत्ता पडलेल्या शून्य केबीच्या सगळ्या फाइली आधी डिलीट करा हं, त्या राहिल्या तर नवी स्क्रिप्टही त्यांना सोडूनच जाईल.

घरून अडकते त्याचं म्हणाल तर स्क्रिप्टमध्ये सेट पासिव्ह, फॉल्स अशी ओळ आहे का शोधा. एफटीपीत बोलणं एका कनेक्शनवर, २१ नंबरच्या पोर्टवर, आणि फाईल दुसऱ्याच कनेक्शनवर येते. पासिव्ह बंद असेल तर ते दुसरं कनेक्शन सर्व्हर तुमच्याकडे उघडायला येतो, म्हणजे कुरिअरवाला सोसायटीच्या गेटवर आणि वॉचमन त्याला आत सोडत नाही, इथे वॉचमन म्हणजे तुमचा घरचा राउटर. पासिव्ह चालू असेल तर तुम्हीच जाऊन पार्सल घेऊन येता. एफटीपीलिबमध्ये ते मुळातच चालू असतं, ती ओळ फक्त काढून टाका. शिवाय कनेक्ट करताना टाइमआउट तीस सेकंद द्या, म्हणजे अडकली तरी ताटकळत बसायला नको.

जाता जाता, साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो. प्रोटोकॉलच जुना, आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचच्या अभय भूषण यांनी एमआयटीत असताना १९७१ साली त्याचा पहिला आराखडा लिहिला, तेव्हा मोजकी मशीन्स एकमेकांना जोडलेली. पार्टीला विचारा टीएलएस, म्हणजे कनेक्शन झाकायची सोय, आहे का. असेल तर एफटीपी-टीएलएस हा क्लास घ्या आणि लॉगिननंतर प्रॉट-पी हे फंक्शन नक्की बोलवा, ते विसरलात तर पासवर्ड झाकला जातो पण तुमच्या पीओडी उघड्याच येतात. ते 'एसएफटीपी' म्हणाले तर मात्र तो वेगळाच प्रकार, नावातच काय ते साम्य, एफटीपीलिब तिथे चालत नाही, पॅरामिको ही वेगळी लायब्ररी लागेल.