‘चहा-बिहा’ की ‘चहा-गिहा’?

पुण्याहून बेळगावजवळच्या खानापूरला सासरी आलेल्या एका ताईंनी विचारलंय: “इथे सगळे ‘चहा-गिहा घे की’, ‘पावणे-गिवणे आलेत काय?’ असं बोलतात. हे आपल्या ‘चहा-बिहा’चं बिघडलेलं रूप आहे का?”

बिघडलेलं मुळीच नाही. ‘चहा-गिहा’त साचा कानडी आहे, इतकंच.

आपण मराठीत शब्दाचं पहिलं अक्षर काढून तिथे ‘बि’ बसवतो. शाळेच्या व्याकरणात यांना अंशाभ्यस्त शब्द म्हणतात. ‘दगडबिगड’, ‘झाडबिड’ ही तिथली ठरलेली उदाहरणं. कानडीत त्याच जागी ‘गि’ येतो: मने-गिने म्हणजे घरबिर, ऊट-गीट म्हणजे जेवणबिवण. एक बारीक फरक बघा. मूळ स्वर दीर्घ असेल तर कानडी तो दीर्घच ठेवते, म्हणून नीरु-गीरु. आपण मात्र ‘पाणी-बिणी’ म्हणताना पहिला स्वर आखडतो. तमिळ-तेलुगूतही हाच ‘गि’: पुलि-गिलि म्हणजे वाघबिघ. नीलगिरीतल्या तोडा भाषेतल्या अशा शब्दांवर भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी 1938 मध्येच लिहून ठेवलंय. उत्तरेकडे चाय-वाय, बंगालीत चा-टा. म्हणजे खेळ सगळीकडे एकच, सोंगटी निराळी. बेळगाव-खानापूर-चिकोडी पट्टा ‘बि’ आणि ‘गि’च्या बरोबर सीमेवर. घरात मराठी, बाजारात कानडी, आणि ही वहिवाट 1956 च्या राज्य पुनर्रचनेच्या कितीतरी आधीची. दोन्ही सोंगट्या लहानपणापासून हाताशी असल्यावर माणूस दोन्ही वापरणारच.

आणि त्याने सोय होते, हे मला फार आवडतं. ‘बिस्किट’ला ‘बि’ लावून पाहा: बिस्किट-बिस्किट. काहीच घडलं नाही! ‘बिस्किट-गिस्किट’ मात्र झकास चालतं. उलट ‘गिरणी’ला ‘गि’ लागत नाही, तिथे ‘गिरणी-बिरणी’. एकट्या ‘बि’वर किंवा एकट्या ‘गि’वर भागवणारा जिथे अडतो, तिथे दोन्ही जाणणारा अडत नाही. कापडाच्या दुकानात ‘साडी-बिडी दाखवा’ म्हटलं की निपाणीसारख्या तंबाखूच्या गावात बिडी आठवणार. ‘साडी-गिडी’ म्हणावं तर कानडीत ‘गिडा’ म्हणजे झाड! अशा ठिकाणी मुद्दाम शब्द ताणून हसणं हा इथल्या गप्पांचा नेहमीचा भाग आहे.

अर्थाकडे बघितलं तर ‘वगैरे’पेक्षा यात बरंच जास्त आहे. ‘चहा घेणार?’ या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणावं लागतं. ‘चहा-गिहा घेणार काय?’ म्हटलं की सरबत, ताक, नुसतं पाणी, सगळ्याला वाट मोकळी राहते आणि पाहुण्याला संकोच वाटत नाही. क्रियापदाला लागला की त्यात काळजी येते: ‘पडलास-बिडलास तर?’ कानडी आईही मुलाला तसंच ‘बिद्दु-गिद्दु’ म्हणून बजावते. नावडत्या गोष्टीला लावला की झटकून टाकणं: ‘राजकारण-बिजकारण आपल्याला नको.’

‘चहापाणी’, ‘भाकरतुकडा’ यांत मात्र ही गल्लत करू नका. तिथे दुसऱ्या शब्दाला स्वतःचा अर्थ आहे. ‘बिहा’ला नाही, ‘गिहा’लाही नाही.

तेव्हा ताई, वस्तूंना बिनधास्त ‘गि’ लावा, सासरच्यांना तुम्ही इथल्याच वाटाल. माणसांच्या बाबतीत जरा जपून. ‘पावणे-गिवणे’ चालतं, कारण त्यात कुणी ठरावीक माणूस नसतो. पण घरातल्या थोरल्या अण्णांना किंवा अक्कांना ‘अण्णा-गिण्णा’, ‘अक्का-गिक्का’ म्हटलंत तर ते त्यांना मोजत नसल्यासारखं होईल. तिथे नुसतं अण्णा, नुसतं अक्का.