नव्या कारखानदाराने कामगारांच्या आरोग्यविम्याबाबत घ्यावयाची काळजी

भोसरीतील आपल्या कारखान्यात दहा माणसे झाली, की कर्मचारी राज्य विमा योजनेत (कामगार व त्यांच्या कुटुंबीयांच्या उपचारांची सरकारी विमा योजना) नोंदणी करून घ्यावी. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांसाठी मालकाचा वाटा वेतनाच्या 3.25 टक्के आणि कामगाराचा 0.75 टक्के असून, दोन्ही पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरावे लागतात. प्रत्येकाच्या घरच्यांची नावेही आवर्जून चढवावीत. चिंचवडच्या मोहननगर येथील या योजनेच्या रुग्णालयात आजारी मूल घेऊन गेलेल्या आईची कागदासाठी अडवणूक होता कामा नये. खरी गफलत कंत्राटी कामगारांबाबत होते: त्यांच्या अंशदानाची, म्हणजे वरील दोन्ही वाट्यांची, जबाबदारी कायद्याने मुख्य मालकावर, म्हणजे आपल्यावरच येते, म्हणून ठेकेदाराचे बिल चुकते करण्यापूर्वी अंशदान भरल्याच्या चलनासोबतची (भरणा-पावतीसोबतची) नावे हजेरीपटाशी एकेक करून ताडून पाहावीत.